पांढऱ्यातली वाट

डाऊनी फोर्क गावात हार्लन ब्रेकेला लोक तोंडावर हार्लन म्हणत आणि पाठीमागे मास्तर. तसा तो शाळेत शिकवायला कधी गेला नाही. जन्मभर त्याने मोंटानाच्या कच्च्या रस्त्यांवर माती सपाट करणारा ग्रेडर चालवला. पण शिकारीचा परवाना मिळण्याआधी जो वर्ग करावा लागतो, तो अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये फुकट घेणारा हाच. भिंतीवर नकाशा टांगायचा आणि त्यावर काठी आपटून सांगायचा, "पिवळी जमीन सरकारची, म्हणजे तुमची-माझी. पांढरी म्हणजे कुणाचं तरी घर. पांढऱ्यात पाय ठेवायचा तर आधी दार वाजवायचं. दार उघडलं नाही, तर घरी जाऊन अंडी खायची." अर्ध्या गावाला हे पाठ होतं, आणि बारमध्ये त्याची नक्कल करणारेही काही कमी नव्हते.

गंमत अशी, की डोंगरात गेल्यावर हा गडी स्वतः नकाशा उघडत नसे. नकाशा असायचा अर्लिसच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या मांडीवर. ती गाडीत शेजारी बसून "इथं डावीकडे", "इथं थांब" म्हणायची आणि तो मुकाट्याने ऐकायचा. सोरमच्या रँचमागच्या टेकडीवर तर त्याचीही गरज नव्हती. तिथलं तारेचं कुंपण हीच हद्द, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. कुंपणाखाली म्हातारी डॅग्नी सोरम आणि तिच्या गाई, कुंपणाच्या वर सगळ्यांची पिवळी टेकडी. रस्त्यावर गाडी लावायची, कुंपणाच्या वरच्या अंगाने चालत जायचं आणि चढायला लागायचं. सगळं गाव असंच जायचं.

डॅग्नीचं गावात कुणाशी फारसं पटत नसे. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रार्थना संपायच्या आत निघून जायची. अर्लिस दर शरदात रानचेरीची जेली करून ओळखीपाळखीत वाटायची, त्यातली एक बरणी डॅग्नीकडेही जायची. "त्या खडूस बाईला गोड कशाला?" असं हार्लन दरवर्षी म्हणायचा. अर्लिस नुसती हसायची.

अर्लिस यंदाच्या वसंतात गेली. त्यानंतर हार्लनने बंदूक पुसलीसुद्धा नव्हती. पण शरदात शिकारीचा हंगाम लागला त्या दिवशी ग्रेडरवरचा त्याचा जुना जोडीदार वर्न कोसिक सकाळीच दारात येऊन उभा राहिला. "ऊठ मास्तर. फ्रीजर रिकामा ठेवून ती परत येणार आहे का?" असलं बोलणं वर्नलाच जमतं, आणि त्याच्याकडूनच ते खपतं. हार्लन उठला.

टेकडीच्या माथ्याशी त्याला एल्कची मादी दिसली, एकटी, आडवी उभी. गोळी नीट लागली. तरी ती उतारावरून धावत सुटली आणि कुंपण हाकेच्या अंतरावर आलं तेव्हा कोसळली. सांबराहून थोराड धूड ते. ते दोघं खाली पोचेपर्यंत सारं शांत झालं होतं. हार्लनने टोपी काढली. वर्नने सुरी काढली.

त्यात हार्लनला काय सुचलं कोण जाणे, त्याने खिशातून फोन काढला. यंदा वर्गात फोनवरचा नकाशाही शिकवावा लागणार होता, म्हणून तो घालून घेतला होता. बघू तरी कसा दिसतो, म्हणून त्याने उघडला. तो उभा होता तिथला निळा ठिपका पांढऱ्यात होता.

"बिघडलंय हे," हार्लन म्हणाला.

"फोनच तो. माझा मला चर्चमध्ये असताना तळ्यात दाखवतो," वर्न म्हणाला. "पाय धर, उलटी करू."

पण हार्लनने पाय धरला नाही. तो गाडीकडे गेला, अर्लिसच्या बाजूच्या खणातला घड्यांवर फाटलेला कागदी नकाशा घेऊन आला आणि तिथंच गवतावर गुडघे टेकून त्याने तो पसरला. कागद आणि फोन एकच सांगत होते. हद्दीचा कोपरा कुंपणावर नव्हताच, चांगला वर होता. मग तो चढावर शोधत गेला, आणि सेजच्या झुडपात त्याला सरकारी मोजणीवाल्यांनी रोवलेला पितळी टोपीचा खुंटा सापडला. ही जागा त्याच्या ओळखीची होती. अर्लिस दरवर्षी इथंच टेकायची, थर्मासमधली कॉफी ओतायची आणि म्हणायची, "हं, आता भर बंदूक." चढाने तिला दम लागतो, असं तो धरून चालला होता.

म्हणजे कुंपण कुणीतरी खड्डे खणायला सोपं पडलं तिथं घातलं होतं. हद्द वर होती. मधला सगळा पट्टा सोरमांचा. इतकी वर्षं सगळं गाव पांढऱ्यातून चालत होतं, आणि सगळ्यांच्या पुढे मास्तर.

"मी तिला विचारून येतो," हार्लन खाली येऊन म्हणाला. "तोवर हात लावू नकोस."

वर्नने सुरी गवतात खुपसली. "अरे, म्हातारीला हा पट्टा तिचा आहे हेच माहीत नसेल. तू जाऊन सांगणार. उद्या ती खांबांना नारिंगी रंग फासणार, म्हणजे आत यायची बंदी. दुसरी वाट आहे का टेकडीवर जायला? पुढच्या वर्षी सगळं गाव रस्त्यावर उभं राहून तुझ्या नावाने खडे फोडेल."

"फोडू दे."

"आणि ती नाही म्हणाली तर? ऊन बघ कसं चढतंय. हे मांस इथंच कुजणार."

वर्नचं एक अक्षरही खोटं नव्हतं. इथं कुणी बघत नव्हतं, तासाभरात सगळं आवरून घरी जाता आलं असतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना "दार वाजवा" सांगितलं, त्याला ते न वाजवता घरी जाऊन झोप लागली नसती, एवढं त्याला स्वतःबद्दल ठाऊक होतं. तो कुंपणाच्या कडेने खाली निघाला.

डॅग्नीच्या ओसरीवर नारिंगी रंगाचा नवाकोरा डबा होता आणि त्यावर कोरा ब्रश. ते बघूनही हार्लन पायरी चढला. त्याने दार वाजवलं.

दार लगेच उघडलं, जणू ती आतल्या बाजूला उभीच होती. "बोल," डॅग्नी म्हणाली.

त्याने टोपी हातात घेतली आणि सगळं सांगितलं. कुंपण, खुंटा, एल्क. "मिसेस सोरम, तो पट्टा तुमचा आहे. मला ठाऊक नव्हतं. मी तिथून जनावर नेऊ का?"

"पट्टा माझा आहे हे मला कशाला सांगतोस? माझ्या सासऱ्याने घातलंय ते कुंपण. आळशी माणूस. वर खडक लागतो म्हणून खाली घातलं."

"मग तुम्ही कुणाला कधी अडवलं नाहीत?"

"विचारायला कुणी आलं असतं, तर अडवायचं की नाही ते ठरवलं असतं. तुझी बायको यायची तेवढी."

"अर्लिस?"

"दरवर्षी यायची. जेली ठेवायची आणि विचारायची, 'मला आणि हार्लनला यंदा वरच्या पट्ट्यातून जाऊ द्याल?' मी हो म्हणायची. मग आम्ही कॉफी प्यायचो. एका माणसाने विचारलं, तर बाकीच्यांना सोडून देता येतं."

"मला कधी बोलली नाही ती."

"मी म्हटलं होतं तिला, नवऱ्याला सांग. तर म्हणाली, एवढ्या लोकांना नकाशा शिकवतो, त्याला कशाला खजील करू."

हार्लनने टोपी डोळ्यांपर्यंत नेली आणि तशीच धरून ठेवली. डॅग्नीने नजर अंगणाकडे वळवली, तेवढी माणुसकी तिच्यात होती.

"यंदा कोणी आलं नाही," ती म्हणाली. "सकाळी खिडकीतून तुला जाताना बघितलं. म्हटलं, संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाहीतर रंग आणून ठेवलाच आहे." मग आवाज पहिल्यासारखा कोरडा झाला. "जा, ने तुझं जनावर. खालचं फाटक उघडून गाडी आत घाल, तुमच्या पाठी काही आता तरण्या नाहीत. आणि फाटक लावून घे."

तो पायरी उतरला तेव्हा तिने मागून हाक मारली. हातात एक रिकामी बरणी होती, धुऊन पुसून लख्ख केलेली. "ही गेल्या वर्षीची. ती नेहमी परत न्यायची."

गाडी पट्ट्यात आली तेव्हा वर्न बाह्या सरसावून उभाच होता. "काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

"आणि रंग?"

"डबा आणलाय, उघडला नाही."

वर्नने खिडकीतून आत पाहिलं. अर्लिसच्या जागेवर काचेची बरणी होती, आणि ती घरंगळू नये म्हणून तिच्याभोवती नकाशा गुंडाळला होता. "हे काय आणलंस?"

हार्लनने बाह्या सरसावल्या, एल्कचा पाय धरला आणि तसाच थांबला.

"वर्न," तो म्हणाला, "जेली कशी करतात रे?"