वेरनाचा दहा किलोंचा नियम

ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जला आमच्या वाळवंट-सहलींच्या गोदामात बॅगा तोलायचं काम वेरना फिट्झनरचं. छताला टांगलेला काटा आणि माणशी दहा किलो. वर एक मोजासुद्धा चालायचा नाही. मी वीस वर्षं तिथं गाडी चालवली, माझीही बॅग तिनं कधी सोडली नाही.

"केस वाळवायचं यंत्र? अगं बाई, तिकडं वारा फुकट आहे. काढ."

काढलेलं सामान चिठ्ठी लावून फळीवर जायचं.

तिचा मुलगा कॉलम वाटाड्या म्हणून पहिल्यांदा निघाला, तेव्हा काटा बारावर गेला. पाहुणे बघतच होते.

"स्वेटर आणि कोट काढ."

"आई, जुलै आहे, ऐन हिवाळा. रात्री पाणी गोठतं तिकडं."

"पोराला सूट दिली म्हणतील. काढ."

"तुझ्यापेक्षा काटा बरा!" म्हणत हसत त्यानं दोन्ही एका हिरव्या पिशवीत कोंबले.

तिसऱ्या सकाळी तो सरपण आणायला टेकाडामागं गेला तो गेलाच. पायांचे ठसे एका खडकापाशी संपले होते.

फळीवर राहिलेल्या त्या पिशवीला वेरनानं कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. उघडायची हिंमत तिला होईना, म्हणून दर सोमवारी नुसती तोलायची. पहिल्या हिवाळ्यात वजन अर्धा किलो घटलं.

"काटा म्हातारा झालाय," मी म्हणालो आणि नवा आणला. नवाही तेच बोलला. दुसऱ्या हिवाळ्यात आणखी अर्धा गेला, तेव्हा मी पिशवीची शिवण न् शिवण तपासली. वेरना मात्र खुलली होती.

"त्याला थंडी वाजते, वॉरिक. थोडं थोडं नेतोय."

चौथ्या हिवाळ्यात काट्यावर नुसत्या पिशवीचं वजन उरलं. वेरनानं पिशवी काट्यावरून उतरवली. "आता कशाला येईल तो?"

मग तिनं कुलूप काढलं. आत चिमूटभर तांबडी वाळू होती, बाकी काही नाही. ती घरी जाऊन आली आणि पाहुण्यांच्या रांगेसमोरच पिशवी भरू लागली. नवा स्वेटर, हातमोजे, जाड कांबळं, ओटची बिस्किटं, वर पाण्याच्या बाटल्या. काटा चौदावर गेला.

रांगेतला एकजण फणकारला, "आम्हाला दहा आणि ह्या पिशवीला चौदा?"

वेरनानं कुलूप लावलं.

"हो. माझा मुलगा आहे तो."