बिनआवाजाचा बेवडा

फोन आला तेव्हा मी वडस्याला आमच्या नाटक कंपनीत आरशापुढे बसून खोटी दाढी चिकटवत होतो. अर्धी चिकटली होती. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "गेले जी तुमचे भाऊ..." मी तसाच अर्ध्या दाढीनिशी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. जाणारे-येणारे बघत होते, हसायचं की नाही ते कुणाला कळत नव्हतं. नामदेवभाऊंना हा प्रवेश फार आवडला असता.

आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर त्यांच्यासारखा बेवडा झाला नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. धान कापून झालं की गावोगाव नाटकं लागतात, आणि प्रत्येक नाटकात एक दारुडा नवरा हवाच. तो नामदेवभाऊंचा. ते डुलत आत आले की बायका शिव्या द्यायच्या, पोरं शिट्ट्या मारायची, आणि त्यांची आरोळी पार शेवटच्या बैलगाडीपर्यंत पोचायची. गंमत अशी की या माणसाने जन्मात थेंब घेतला नव्हता. गाव गडचिरोलीतलं, जिल्ह्याला दारूबंदी, आणि बंदी पाळणाऱ्या मोजक्या लोकांत हे एक! स्टेजवरच्या ग्लासात बिनसाखरेचा काळा चहा असे. एकदा आरमोरीच्या बाजारात वांगी निवडताना एका म्हातारीने त्यांचं मनगटच धरलं. "काऊन रे मुर्द्या, रातभर बायकोले मारतं अन् दिवसा वांगे घेतं? लाज नाई वाटत तुले?" भाऊ मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माय." त्या शिवीला ते पुढे कायम 'माझा पुरस्कार' म्हणत.

मग त्यांचा घसा बसला तो उठेचना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी घशातला तुकडा तपासायला पाठवला आणि वाईट निघालं तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं स्पष्ट सांगितलं. रिपोर्ट येईपर्यंत भाऊ तिथेच माझ्याकडे राहिले. जेवत नव्हते, बोलत नव्हते, नुसते छताकडे बघत बसायचे. मला ते बघवेना. एका दुपारी मी त्यांना ओढतच एका एसी हॉटेलात घेऊन गेलो. चंद्रपूरची दारूबंदी तोवर उठली होती. वेटर म्हणाला, "पुण्याची बिअर आली आहे सर, हॉपी." हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून मुद्दाम कडू केलेली, असं त्याने समजावलं. मी नको म्हणणार, तोच भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आण गा. आवाजच चालला तं पाहू तं दे, जन्मभर मी काय पिऊन राह्यलो होतो."

ग्लास आला. ओठाला लागला मात्र, आणि भाऊंची मान सैल पडली, डोळे तिरळे झाले, एक हात खुर्चीमागे लोंबला. "ए शेवंतेऽऽ!" नाटकातल्या बायकोला घालायची ती आरोळी बसलेल्या घशातूनही अशी निघाली की शेजारच्या टेबलावरचं कुटुंब ताटं उचलून पलीकडे गेलं. इतक्या वर्षांची सवय ती! वेटर धावत आला. "सर, यांना आता आणखी नाही देता येणार."

"अरे, एकच घोट घेतला त्यांनी!"

"म्हणूनच म्हणतो सर."

भाऊ ओशाळून सरळ बसले. मग खुदकन हसले. "आवाज हाये गड्या अजून..." कितीतरी दिवसांनी ते हसत होते. दुसरा घोट त्यांनी हळूच घेतला, डोळे मिटून. "आधी संत्र्याचं साल सोलल्यावानी वास येते... अन् मंग भुईनिंबाच्या काढ्यासारखं कडू. लई चांगली हाये गा." तो एकच ग्लास त्यांनी दुपारभर पुरवला. खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली, भूकही लागली, दोन पोळ्या खाल्ल्या. अभिनय न करता बसलेले नामदेवभाऊ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. निघताना म्हणाले, "आपलं चुकत होतं. पेनारा असा डुलत नाई. तो चिपचाप बसते. डुलते ते त्याचं घर."

रिपोर्ट वाईटच निघाला. आवाज गेला. हंगाम आला तेव्हा कंपनीत सगळ्यांनी त्यांची आशा सोडली होती. पण भाऊ गळ्याला मफलर गुंडाळून वडस्याला हजर! हातवारे करून त्यांनी सांगितलं : भूमिका तीच, वाक्यं तेवढी काढा. आणि ग्लासात चहा नको, भुईनिंबाचा काढा घाला. त्याचा डबा ते घरूनच घेऊन आले होते.

मी इन्स्पेक्टरच्या वेशात विंगेत उभा होतो. भाऊ आले ते सरळ चालत. बसले. ग्लास दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि स्टेजवरच्या बायकोकडे नुसतं बघितलं... शिट्टी नाही, शिवी नाही. मग पुढच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, "पुरे कर ना रे बाबा आता." माझी छाती अशी फुगली की इन्स्पेक्टरच्या कोटाचं बटण तुटून प्रॉम्प्टरच्या डोक्यात पडलं.

यंदा ती भूमिका माझ्याकडे आली आहे. भुईनिंबाचा डबा अजून रंगपेटीतच असतो. वहिनींनी तो परत मागितला नाही, उलट परवा त्यात भरायला नवा काढा पाठवला. ग्लास ओठाला लावला की माझी मान सवयीने सैल पडायला लागते, हात खुर्चीमागे जायला बघतो. मग ती कडू चव घशात उतरते, आणि मी सरळ बसतो.