रापणीतला आमचा तुकडा

मी गाव सोडलं त्या सकाळी मला निरोप द्यायला कोणी आलं नाही. सगळं गाव किनाऱ्यावर रापण ओढत होतं. गाडीतून त्यांच्या पाठी दिसल्या. मुलगा म्हणाला, "आई, थांबायचं का?" मी म्हटलं, "चल. विमान थांबणार नाही."

आता जपानात, सेंदाईला मुलाकडे राहते. तो विद्यापीठात संशोधन करतो. नात जपानीत बोलते, मी मराठीत ओरडते, आमचं जमतं. कोणता कचरा कुठल्या वारी टाकायचा हे मला सुनेपेक्षा चांगलं पाठ आहे.

आमचं गाव लहान. एकीकडे खाडी, एकीकडे टेकडी, मध्ये माडांखाली घरं. किल्ला नाही, नावाजलेलं देऊळ नाही. होती ती रापण. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि त्याची दोन्ही टोकं सगळ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायची. ते जाळं एकाचं नसतं. प्रत्येक घर आपला तुकडा विणून आणतं, मग ते सगळे जोडतात. ज्याचा तुकडा, त्याला माशांचा वाटा. माझा सासरा आणि शेजारी कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण दोघांचे तुकडे शेजारीशेजारी बांधलेले होते. मी नवी नवरी वाळूत उभी राहून बघत होते, तर सासू म्हणाली, "बघतंस काय? सिनेमा आसा? दोरी धर."

मग आम्ही मुलं शिकवली आणि ती गेली. मुलाने एकदा इथला एक किनारा दाखवला. त्सुनामीच्या लाटेने तिथलं गाव नेलं, आता नुसती उंच भिंत आणि मोकळी जमीन आहे. त्यांचं गाव समुद्राने नेलं. आमचं आम्हीच रिकामं केलं, आणि वर पेढे वाटले.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर पुतण्याचा फोन आला. "काकी, रापण पाण्यात जाऊची नाय. ओढूक माणसा खंय आसत?"

उरलेल्यांना ओढता येईल एवढी रापण लहान करायची, तर बाहेर गेलेल्यांचे तुकडे काढायला हवेत. पण ज्याचा तुकडा त्याच्या शब्दाशिवाय गाठ सोडत नाहीत. आणि एकदा तुकडा निघाला की वाटा गेला, तो परत मिळत नाही. गेलेल्यांत मी सगळ्यांत मोठी. "मुंबयवाले म्हणतत, काकी काय सांगता ता बघूया," पुतण्या म्हणाला.

जेवताना मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे ना आई. बाबांची आठवण आहे."

"आठवण आहे म्हणून तिकडच्यांनी उपाशी बसायचं?"

आमचा तुकडा नवऱ्याने शेवटच्या आजारपणात अंगणात बसून विणला होता. सुईत दोरा मी भरून द्यायची. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला फोन लावला. "सोड," म्हटलं. "आयकलंस मां?"

"होय काकी. मग त्या तुकड्याचा काय करू?"

"तुझ्या परसात लाव. माकडा तुझी भेंडी ठेवनत नाय."

"माकडा तुमका भियायची, जाळ्याक नाय," तो म्हणाला. दोघं थोडं हसलो.

मग मुंबईवाल्यांनीही आपापला शब्द दिला. लहान रापण पाण्यात गेली, तिचा व्हिडिओ आला. बांगडा बरा लागला होता. वाळूत वाटे पडले, ते मी शेवटपर्यंत बघितले.

तुम्ही जे गावात राहिलात, ते ओढत राहा. जे माझ्यासारखे निघून गेलात, त्यांना कोणी विचारलं की घर कुठे, तर खुशाल आता राहता तिथला पत्ता सांगा. मीही सेंदाईचाच सांगते. पण मला घर म्हणून कळलं ते एवढंच, की गावातली आमची गाठ मला विचारल्याशिवाय कोणी सोडत नव्हतं.

पुतण्या अजून फोन करतो. तब्येत विचारतो, थंडी किती ते विचारतो. गावचं काही विचारत नाही. त्याने विचारावं असं माझ्याकडे काही राहिलेलं नाही.