टँकरवरचं गाणं

ऊस नव्हता म्हणून आमच्याकडचा सहकारी साखर कारखाना बंद पडला, आणि त्याचा मळी वाहणारा टँकर कडा गावाहून आमच्या गावाला पाणी आणू लागला. पाण्याला मळीचा वास यायचा. ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचा हॉर्न बिघडलेला, म्हणून वेशीवर आला की तो टेपवर एक प्रेमाचं गाणं मोठ्यानं लावायचा. खिडकीबाहेर काढलेला हात दारावर ठेका धरायचा. मी तेव्हा अठराची होते. त्या वयात गाणं ऐकून आतून भरून यावं. आम्ही पोरी मात्र घागरी घेऊन पळत सुटायचो.

टाकी रिकामी झाली की तो टेप बंद करून निघायचा. एकदा मी विचारलं, "काका, जाताना गाणं कावून बंद करता?"

"मला बी लई ऐकू वाटतंय, पोरी," तो म्हणाला. "पण रिकाम्या गाडीत गाणं लावलं, तर वाटंवरच्या गावातल्या बाया पळत येत्यात. त्यायला काय सांगू?"

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. वरातीत बँडवाल्यांनी नेमकं तेच गाणं वाजवलं. नवरा माझ्याकडे बघून हसला. मुंडावळ्यांआडून माझी नजर घागर शोधत होती.