धामणीचं शेपूट

उचगावचा तो म्हातारा धनुष्यं करायचा. रानातल्या झाडाला “आक्का, हात दे गं,” म्हणत फांदी वाकवायचा. सोडल्यावर ती सरळ झाली तरच कोयता लावायचा, नाहीतर पाया पडून पुढं जायचा.

मी निपाणीच्या तंबाखूच्या माळावरचा, गोऱ्या साहेबाच्या जंगल खात्यातला नवा नाकेदार. एकदा तो घोंगडीत लांबलचक काहीतरी गुंडाळून नाक्यावर आला.

“काय हाय आप्पा त्यात?”

“धामण, सायेब.”

मी उडी मारली ती पाण्याच्या घागरीवर! आमच्या माळावर धामण म्हणजे साप. त्याच्या रानात धनुष्याच्या झाडालाही धामणच म्हणतात. तो हसून हसून खालीच बसला.

चिडून मी म्हणालो, “परवाना न्हाय. फांदी जप्त!”

“करा की. पर खरी हाय का लबाड, तेवढं बघू द्या. हे टोक धरा.”

मी धरलं. त्यानं दुसऱ्या टोकावर सगळं अंग टाकलं. फांदी चंद्रकोरीसारखी वाकली, सोडताच सपकन सरळ झाली.

“खरी हाय!” मीच ओरडलो. “आप्पा, आणि एकदा!”

डोळे पुसत तो म्हणाला, “सायेब, मघाशी उडी मारलासा, आन् आता शेपूट सोडंना झालाय!”