डुप्लिकेट कॉमिकांची खोकी

इस्रायलमधल्या हैफाच्या बंदरातून आमचं सामान रामल्याला पोचलं तेव्हा हिवाळा तोंडावर आला होता. आम्ही विमानातून दोन बॅगा घेऊन उतरलो होतो, बाकी सगळं मागून बोटीनं येत होतं. तोवर सरकारी खाटा, सरकारी गाद्या आणि एकाच पातेल्यात सगळा स्वयंपाक, असे दिवस काढले. गाडीवाल्यानं खोकी वर आणून टाकली तेव्हा मी हातातलं काम सोडून पहिलं खोकं उघडलं. वर वर्तमानपत्र, खाली कॉमिकं. दुसरं उघडलं, त्यातही कॉमिकं. पुढच्यातही तीच. माझी भांडी, रजया आणि मसाल्याचा डबा शेवटच्या लहान खोक्यात दाटीवाटीनं कोंबलेले निघाले. पाटा-वरवंटा नव्हताच.

"पाटा कुठाय?" मी यांना विचारलं.

"तो मोठ्या वहिनीकडे ठेवला. बोटीवर वजनाची कटकट होती."

"आणि हे वजन नाही?"

एक कॉमिक उचलून त्यांनी त्याचा दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला.

मुंबईत भायखळ्याला यांची एका भागीदाराबरोबर सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे जिन्याखालचा एक गाळा. पोरं अनामत ठेवून दिवसाच्या भाड्यानं इंग्रजी कॉमिकं घेऊन जायची. नवा अंक आला की तो सगळ्यांना आजच पाहिजे असायचा, म्हणून हे एकेका अंकाच्या सहा-सात प्रती घेऊन ठेवायचे. आम्ही मुंबईचे ज्यू. आमचं इस्रायलला यायचं ठरलं तेव्हा भागीदारानं वाटणी केली. दुकान चालू राहणार होतं, म्हणून प्रत्येक अंकाची एक चांगली प्रत त्यानं ठेवून घेतली आणि उरलेल्या सगळ्या डुप्लिकेट यांच्या पदरात घातल्या. यांना ती वाटणी रास्त वाटली. मला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की कामाची पुस्तकं आहेत, तिकडे गेल्यावर आपण लायब्ररी काढू.

लायब्ररी कुठली काढता. हे सिमेंटच्या कारखान्यात लागले. पहाटे जायचे आणि भुवयांपर्यंत पांढरे होऊन परत यायचे. मी हंगामात संत्र्यांच्या पॅकिंगला जायची. शिकून म्हणजे इथली सरकारी वसाहत, तिथली आमची जागा दोन खोल्यांची, वर छप्पर आणि खाली शेजारणीचा रेडिओ. खोकी थोडी खाटांखाली गेली, थोडी भिंतीशी एकावर एक राहिली. त्यातून इथे फरशी पुसत नाहीत, धुतात. बादलीभर पाणी ओतायचं आणि रबराच्या फळीनं ढकलत दाराबाहेर काढायचं. समोरची मोरोक्कोची बाई रोज सकाळी चुटकीसरशी हे उरकायची. मला मात्र आधी खोकी ओढून खाटांवर चढवायची, मग पाणी घालायचं, मग फरशी सुकेपर्यंत वाट बघायची, आणि मग ती परत खाली उतरवायची. कंबर धरली की मी भिंतीला टेकून उभी राहायची आणि मनात त्या भागीदाराला नको नको ते बोलायची.

"विकून टाका," मी यांच्या मागे लागले.

शेवटी एका शुक्रवारी, सुट्टी होती तेव्हा, हे बाजारात गेले. इथे बाजाराला शुक म्हणतात. भाजीवाल्यांच्या रांगेच्या शेवटी यांनी चादर अंथरली आणि प्रत्येक कॉमिक कडेला कड लावून मांडलं. पोरं जमली. ती सगळी हिब्रू वाचणारी, म्हणजे पुस्तक उजवीकडून उघडणारी. त्यांनी कॉमिकही तसंच उघडलं, शेवटच्या पानापासून. चोर आधी पकडला जायचा आणि चोरी मागून व्हायची. यांना ते बघवेना.

"उलटं धरलंस. इकडून," असं मराठीत सांगून हे पोरांच्या हातातून पुस्तक काढून घ्यायचे आणि सुलट करून द्यायचे. कुणाच्या बोटांना संत्र्याचा रस लागलेला दिसला की "आधी हात धुऊन ये" म्हणायचे. एका बापानं दोन कॉमिकं हातात घेऊन भाव विचारला, तर हे म्हणाले की त्या गोष्टीचे पुढचे भागही घ्यावे लागतील, अर्धवट गोष्ट देणार नाही. तो बाप हसला आणि कोबी घेऊन गेला. मी बाजूला पिशवी धरून उभी होते. दुपारी चादर गुंडाळली तेव्हा एकही कॉमिक कमी झालेलं नव्हतं.

"इथल्या लोकांना वाचनाची गोडी नाही," घरी येताना हे म्हणाले.

त्यानंतर मी यांच्यावर काही सोपवायचं नाही असं ठरवलं. तेल अवीवला जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे आणि तिथे इंग्रजी पुस्तकं घेतात, असं पॅकिंगमधल्या एका बाईनं सांगितलं होतं. मी दोन पोत्यांत मावतील तेवढी कॉमिकं भरली आणि आगगाडीनं निघाले. स्टेशनापासून दुकानापर्यंत पोती आळीपाळीनं ओढत नेली. एक पुढे न्यायचं, ठेवायचं, मागे येऊन दुसरं घ्यायचं. दुकानदार म्हातारा, जर्मनीकडचा, भर उन्हात कोट घातलेला. त्यानं माझ्यासाठी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. मला वाटलं, जमलं.

तो एकेक अंक काढून दोन ढीग करू लागला. डावीकडचा लहान, उजवीकडचा मोठा.

"हा घेतो," तो इंग्रजीत म्हणायचा आणि डावीकडे ठेवायचा. "हा तोच. हाही तोच. हाही तोच." हे तिन्ही उजवीकडे.

"पण चांगले आहेत," मी म्हणाले. "फाटलेला एकही नाही."

"फाटलेला नाही, मला दिसतंय. पण बाई, तुमचा काय छापखाना आहे का? माझ्याकडे इंग्रजी कॉमिक मागायला महिन्यात एखादं पोरगं येतं. त्याला मी एकच गोष्ट सहा वेळा कशी विकू?"

मी त्याला लायब्ररीचं सांगितलं, भागीदाराचं सांगितलं. माझं इंग्रजी मिशनच्या शाळेत पाचवीपर्यंतचं, त्यात रागानं आणखी अडखळत होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि डावीकडच्या ढिगाचे पैसे माझ्यापुढे ठेवले. उजवीकडचा ढीग पोत्यांत भरून मी परत स्टेशनाकडे निघाले. पोती पहिल्याइतकीच जड लागत होती.

घरी आल्यावर यांनी पोती उघडून सगळं तपासलं. आधी चेहरा उतरला, मग आवाज चढला.

"सेट फोडलेस तू."

"कसले सेट? सहातला एक दिला. पाच आहेत अजून."

"प्रत्येक अंकाची सगळ्यात चांगली प्रत त्यानं उचललीय. भागीदारानं एकदा उचलली, आता यानं उचलली."

त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोललो, ते रेशनच्या तेलाबद्दल.

पुढच्या वर्षी सुक्कोथ सणाच्या सुट्टीत यांच्या मावसबहिणीचं बोलावणं आलं. ती ओफाकिमला राहायची, खाली नेगेवच्या वाळवंटात. तिच्या वसाहतीत मुंबई-ठाण्याची बरीच नवी कुटुंबं आली होती. तिनं कळवलं, की इथल्या पोरांना अजून हिब्रू येत नाही, इंग्रजी वाचतात आणि दिवसभर धुळीत हुंदडतात, दादाला म्हणावं कॉमिकं घेऊन ये. मी लगेच पोती काढली. बेरशेबाला बस बदलताना ड्रायव्हर पोत्यांवरून भांडला. मी त्याच्याशी हिब्रूत भांडले आणि जिंकले. इतकी मी उतावीळ झाले होते.

ओफाकिमला पोचलो आणि यांनी घरासमोर पोती मोकळी केली. थोड्या वेळात पोरांची ही गर्दी. इथे एकच अंक पाच जणांना एकदम पाहिजे होता, आणि तो पाचही जणांना मिळत होता. मी आत नणंदेबरोबर भाकऱ्या थापत होते आणि बाहेरचा गलका ऐकत होते. मधूनच यांचा आवाज यायचा, "हा घे, यात पूल पडतो."

"वहिनी, दादाला इतका खूश मी भायखळ्यानंतर आजच बघितला," नणंद म्हणाली.

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तव्यावरची भाकरी उतरवून मी बाहेर गेले. आमची पोती रिकामी होती, आणि यांच्या मांडीशी कॉमिकांचा एक नवा ढीग रचलेला होता.

"हे कुठले?"

"पोरांकडे पैसे कुठले असणार?" हे म्हणाले. "एकाला एक, अशी अदलाबदल केली. मुंबईहून येताना आणलेली त्यांनी."

मी खाली बसून ढिगातलं वरचं कॉमिक उघडलं. आतल्या पानावर जांभळा रबरी शिक्का होता. भायखळ्याचा, आमच्याच लायब्ररीचा. त्याखालचं उघडलं, त्यावरही तोच. इस्रायलला निघायच्या गडबडीत लोकांनी भाड्यानं नेलेली कॉमिकं परत केलीच नव्हती. सामानात घालून ती इथे आणली होती, आणि आता ती फिरून आमच्याकडे आली होती.

"बघितलंस?" हे म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आपलीच आहेत. परत आली."

परतीच्या बसमध्ये पोती पुन्हा माझ्या पायाशी होती. रस्ताभर हे मला सांगत होते, की त्या दुकानदारानं फोडलेले काही सेट आता पुन्हा पुरे झाले. मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर माती आणि विजेचे खांब, दुसरं काही नाही.

त्यानंतर एका सकाळी, हे कामावर गेल्यावर, मी फरशी धुवायला घेतली. बादली भरली, आणि खोकी उचलायला वाकले. वाकले तशीच परत सरळ झाले. मग खोकी आहेत तिथेच ठेवून पाणी ओतलं. दुसरी बादलीही ओतली. रबराच्या फळीनं पाणी खोक्यांच्या कडेकडेनं ढकलत बाहेर काढलं आणि चहा करून प्याले. त्या दिवशी मला कंबर दुखल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी यांना खोक्यांचे तळ ओले दिसले. माझं उत्तर तयार होतं. त्यांनी खालचे फुगलेले अंक काढले आणि गॅलरीतल्या कपड्यांच्या दोऱ्यांवर एकेक चिमट्यानं लावले. माझे परकर बाजूला सरकवून लावले. सगळ्या इमारतीला दिसेल अशी घोडेस्वारांची आणि उडणाऱ्या बाप्यांची रांग वाऱ्यावर हलत होती. समोरची मोरोक्कोची बाई दारात येऊन बघून गेली. खालच्या मजल्यावर एक इराकी राहायचा. तो शुकमध्ये सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या भाजलेल्या बिया विकायचा. त्यानं खालूनच विचारलं, "पुड्या बांधायला कागद लागतो, हा विकायचाय का?"

मी यांच्याकडे बघितलं. हे कठड्यावरून खाली वाकले.

"ओला की सुका?" यांनी विचारलं.

"दोन्ही."

"घेऊन जा," हे म्हणाले.

यांनी भाव केला नाही. खोकी मात्र स्वतःच खाली नेली. त्या इराक्याला हात लावू दिला नाही. घर एकदम मोठं झालं. मी भिंतीशी एक स्वस्तातलं कपाट आणून ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं की आता बाई मी सुटले. पण सुटल्यासारखं काही वाटत नव्हतं. संध्याकाळी हे कामावरून यायचे, अंघोळ करायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचे. पूर्वी मला खोक्यांचा राग यायचा, आता त्या रिकाम्या हातांचा यायला लागला.

"काहीतरी करा," मी म्हणायची.

"काय करू?" हे विचारायचे. खरंच विचारायचे.

मग शुकमधून येताना हे त्या इराक्याकडून बियांच्या पुड्या आणायला लागले. यांना बिया आवडत नव्हत्या, मलाही नाही. पुडी सोडून बिया ताटलीत ओतायच्या, पुडीचं कॉमिकचं पान हातानं सपाट करायचं आणि खिडकीशी धरून वाचायचं.

"हे पान मधलं आहे," एकदा त्यांनी मला सांगितलं. "याच्या पुढचं आणायला पाहिजे."

"त्यात त्यानं आज कुणाला तरी बिया बांधून दिल्या असतील."

"असेलही," हे म्हणाले आणि चपला घालून पुन्हा शुककडे निघाले.

ताटलीतल्या बिया मी समोरच्या बाईला नेऊन द्यायची. तिला वाटायचं, हिंदुस्तानी लोक फार दिलदार असतात.