बाईंनी न पाहिलेली पानगळ

माझ्या सासूबाई आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या, आणि ते खोटं खरं करता करता आमच्या नाकी नऊ आले.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सोलापूरकडच्या एका गावात तीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवत होत्या. खोट्याची इतकी चीड की विचारू नका. इथे सिडनीत, केलीव्हिलला आल्या त्याच आठवड्यात मी घरातूनच बॉसला फोन करून 'ट्रॅफिकमध्ये अडकलेय' म्हटलं, तर त्या शेजारी पोहे खात मोठ्याने म्हणाल्या, "अगं, आपण तर अजून घरातच आहोत!" नशीब माझं, बॉसला मराठी येत नाही.

तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. एप्रिल संपता संपता परत जायचं होतं, कारण माझ्या नणंदेचं बाळंतपण जवळ आलं होतं. ऑपेरा हाऊस बघून झालं, कांगारू बघून झाले, आणि एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मला इथली लाल पानं बघायची आहेत. बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल."

मी म्हटलं, त्यात काय, इथले ऋतू उलटे, एप्रिल-मेमध्येच पानगळ, ईस्टरच्या सुट्टीत जाऊन येऊ. आमच्या गल्लीतली झाडं जूनशिवाय रंग बदलत नाहीत, पण ब्लू माउंटन्स ओलांडून पलीकडे, सफरचंदाच्या बागांच्या गावात, थंडी लवकर पडते. फोटो तर मी दरवर्षी बघते. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात मी लॅबमध्ये काम करते, तिथल्या दोन शिफ्टा बदलून घेतल्या. थालीपीठं केली, थर्मास भरला, लेकीला मागच्या सीटवर कोंबलं आणि निघालो. साडेतीन तास ड्रायव्हिंग करून पोचले तर काय? सगळं हिरवंगार! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं अशी टवटवीत की जणू कालच पालवी फुटलीय. लेक म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट ट्रीज." माझं डोकंच फिरलं.

पेट्रोल पंपाशेजारी एक बारकंसं पिवळं झाड होतं. मी म्हटलं, "आई, हे बघा, आलाय की रंग!" त्या उतरल्या. खोडावरून हात फिरवला, बुडाशी माती उकरून पाहिली. "याला पाणी मिळालेलं नाही. हे आजारी आहे. हे नाही चालणार."

"अहो, पिवळं आहे ना? घ्या ना मानून!"

"मानून घ्यायचं असतं तर एवढ्या लांब कशाला आले असते?"

मी चिडून गाडीचं दार आपटलं. रस्त्याकडेला एक म्हातारी बाई सफरचंदं विकत होती, तिला विचारलं. ती हसली. म्हणाली, यंदा ऊब लांबली आहे, लव्ह (इथल्या म्हाताऱ्या सगळ्यांनाच लव्ह म्हणतात). लागोपाठ दोन रात्री गवतावर पांढरं हिव पडलं की मग बघ, चार दिवसांत सगळं पेटतं. आणि कागदी पिशवीवर तिने स्वतःचा नंबर लिहून दिला.

परतीच्या वाटेवर लेक झोपली तेव्हा आईंनी सांगितलं. सातवीच्या पुस्तकात पानगळीचा धडा होता. 'थंड प्रदेशांत पाने लाल व पिवळी होतात' असं लिहिलेलं, आणि शेजारी चित्र होतं काळंपांढरं! मुलं हसायची. एकदा एका मुलीने उभं राहून विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलीत लाल पानं?" सगळा वर्ग बघत होता. नोकरीचं पहिलंच वर्ष. तोंडातून निघून गेलं, "हो. काश्मीरला. सगळी झाडं एकाच दिवशी लाल होतात."

"तुम्ही काश्मीरला कधी गेला होतात?" मी विचारलं.

"कुठली गं! लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो तेवढंच. मग म्हटलं, जाऊन बघून येऊ, म्हणजे खोटं राहणार नाही. पण तिथे रंग येतात ऑक्टोबरमध्ये, आणि ऑक्टोबरमध्ये सहामाहीचे पेपर. मग रिटायर झाले, तर ह्यांचं आजारपण. राहूनच गेलं." त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली. "अजून रुततं गं. विज्ञानाच्या तासाला खोटं बोलले मी."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. माझी चिडचिडही तिथेच ओसरली. काहीही झालं तरी या बाईला लाल पान दाखवल्याशिवाय विमानात बसवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

मग रोज चहाच्या सुट्टीत माझा सफरचंदवाल्या आजींना फोन. रोज एकच उत्तर, "नॉट येट, लव्ह." इकडे विमान महिनाअखेरच्या रविवारचं. लॅबमध्ये सगळ्यांना कळलं होतं. मी फोन ठेवला की मायक्रोस्कोपमधून डोकं वर न काढता कोणीतरी विचारायचं, "एनी रेड?" घरी मी दारात आले की आई नुसतं तोंडाकडे बघायच्या आणि चहा टाकायला वळायच्या. तेच मला जास्त लागायचं.

शेवटच्या आठवड्यात थंडीने मनावर घेतलं. बुधवारी हिव पडलं, गुरुवारी पडलं. शुक्रवारी दुपारी आजींचाच फोन आला. रंग धरलाय, पण उद्या आर्व्होला, म्हणजे दुपारी, जोराचा वारा सांगितलाय. यायचं तर उद्या सकाळीच या.

आणि माझी शनिवारची शिफ्ट! लॅबमधल्या पंजाबी मित्राकडे गेले, हात जोडले. तो म्हणाला, "जा यार, दिखा ला सासू माँ को. बस, ख्रिसमस की शिफ्ट तेरी." मी म्हटलं, डन. घरी नवऱ्याने कपाळावर हात मारला. "परवा विमान आहे! आईच्या बॅगा कोण भरणार?"

"तू! लोणच्याची बरणी उभी ठेव, आणि वजन करून ठेव."

शनिवारी उजाडायच्या आत आम्ही तिघी निघालो. डोंगरावर एवढं धुकं की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते. आई मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या. मी एकदा म्हटलं, "आई, नसले रंग तर?" त्या म्हणाल्या, "नसले तर नसले. खोटं तर खोटं." पण आवाज बारीक झाला होता.

धुकं सरलं आणि गावाचा रस्ता लागला. मी गाडी थांबवली. लेक पहिल्यांदा ओरडली, "आज्जी, लुक!" चक्क मराठीत हाक मारली पोरीने!

काय सांगू! एक झाड कुंकवासारखं लाल, त्याला लागून एक हळदीचं पिवळं, आणि त्याच्या शेजारचं अजून आपलं हिरवंच. एक तर वरून लाल आणि खालून हिरवं, अर्धवट केस रंगवल्यासारखं. आई दार उघडून उतरल्या, शालसुद्धा घेतली नाही. एकेका झाडापाशी गेल्या, पान हातात धरलं, देठाशी चष्मा नेऊन बघितलं. एक पान अलगद ओढलं, ते सहज सुटून आलं. "बघ," लेकीला म्हणाल्या, "झाडाने आधीच तोडून ठेवलंय. आपण नुसता हात लावला." मग माझ्याकडे वळल्या. "अगं, एकाच दिवशी नाही होत. प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. हेही चुकीचंच शिकवलं की मी!"

आणि चक्क हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. रस्त्याकडेच्या बाकावर बसून त्यांनी तिथे आवाजातला निरोप पाठवला. अगदी तासाला बोलतात तसा, स्पष्ट. "मुलांनो, मी तुम्हाला सांगितलं होतं की मी लाल पानं पाहिलीत. ते खोटं होतं. आज पाहिली. आणि सगळी झाडं एकाच दिवशी लाल होत नाहीत. दुरुस्त करून घ्या. कोणत्या मुलीने विचारलं होतं ते आठवत नाही, तिची माफी मागते."

मी म्हटलं, "अहो आई, तिकडे पहाट आहे. आणि एवढ्या वर्षांनी कोणाच्या लक्षात असणार?" त्यांनी ऐकलं नाही. आम्ही थालीपीठं खाल्ली, सफरचंदवाल्या आजींना लोणचं दिलं. त्यांना ते झोंबलं आणि आवडलंही. वारा सुटायला लागला तशी मी घाई करू लागले, तेवढ्यात फोन वाजला. आईंनी चष्मा पुसून वाचलं. मग मला वाचायला दिलं.

'बाई, मीच विचारलं होतं. आता मी आपल्याच शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. आज सकाळची शाळा आहे, निघतेच आहे. दरवर्षी मुलं मला विचारतात, मॅडम, तुम्ही पाहिलीत का लाल पानं? मी सांगते, मी नाही पाहिली, पण माझ्या बाईंनी स्वतः पाहिलीत.'

आई बाकावर परत खाली बसल्या. "दरवर्षी गं," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या खांद्यांवर शाल टाकली. भोवती पानं पडायला लागली होती, लेक ती पकडत पळत होती. आईंनी फोन मांडीवर ठेवला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं. पाठवायच्या आधी मला दाखवलं, शुद्धलेखन बरोबर आहे ना म्हणून.

'आजपासून तू खरं सांगतेस.'